आप्पांची पोटरी

“आप्पा, खरं सांगा. दोन घेतल्या ना?”

आप्पा दवाखान्याच्या खाटेवर उताणे पडले होते. उजव्या पायाखाली दोन उशा. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत पोटरी फुगलेली आणि रंग पिकल्या जांभळाचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“एक,” ते छताकडे बघत म्हणाले. “रात्री जेवण झाल्यावर एक. तुझ्या लग्नात बांगड्या केल्या होत्या मी. एकीचं वजन दुसरीपेक्षा गुंजभर तरी वेगळं निघालं होतं का?”

“बांगड्यांचा इथं काय संबंध?”

“मग गोळीचाही नाही.”

आई खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून जपमाळ ओढत होती. तिनं डोळे न उघडताच मान हलवली. तिचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता.

आप्पा, म्हणजे माझे वडील, कराडच्या सोनार गल्लीतले कारागीर. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, मोठं नव्हतं, पण काम असं की बाहेरगावची माणसं जुन्या दागिन्यांची मोड घेऊन त्यांच्याकडे यायची. सोनं वितळवताना, कानस मारताना थोडं कमी होतं, त्याला घट म्हणतात. ती किती धरायची हे सोनारानं आधीच सांगायचं असतं. सांगितल्यापेक्षा जास्त घट आली, तर आप्पा ती गिऱ्हाइकाच्या अंगावर कधी टाकत नसत. स्वतःचं सोनं घालून वजन पुरं करून देत, आणि त्याबद्दल अवाक्षरही काढत नसत. अशा माणसाला मी विचारत होते की गोळी एक घेतली की दोन.

पण विचारणं भाग होतं. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयातली एक झडप बदलून धातूची बसवली होती. खोलीत कुणी बोलत नसलं की तिची बारीक टिकटिक ऐकू यायची. सुरुवातीला आम्ही दचकायचो, मग सवय झाली. धातूवर रक्त गोठू नये म्हणून आप्पांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची लागली. ती कमी पडली तर झडपेवर गाठ धरणार, आणि गाठ सुटून मेंदूकडे गेली तर अर्धं अंग जाणार. जास्त झाली तर साध्या धक्क्यानं आत रक्त वाहत राहणार. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. त्या तपासणीचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. होळीपासून तो तिथंच, आज्ञाधारकपणे राहिला होता. आता तो सात आला होता.

झालं होतं इतकंच की दुकानाची पायरी उतरताना समोर लावलेल्या मोटरसायकलचं फूटरेस्ट आप्पांच्या पोटरीला लागलं होतं. कातडी फाटली नाही, रक्ताचा थेंब नाही. शेजारचे बांगड्यांच्या दुकानातले कासारकाका धावत आले, त्यांना बाकड्यावर बसवलं आणि तिळाचं तेल आणून पोटरी रगडायला लागले.

“मुका मार आहे हो. रगडला की रक्त पांगतं,” काका म्हणाले. आप्पांनी दात आवळून रगडून घेतलं. संध्याकाळी आईनं विटेचा शेक दिला. सकाळी पाय जमिनीला टेकवेना.

डॉक्टर बागवान आमचे जुने डॉक्टर. पन्नाशीचे, कमी बोलणारे. पोटरी बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रगडलं कुणी?”

आईनं कासारकाकांचं नाव सांगितलं, विटेच्या शेकाचंही.

“आत नळ फुटलेला आहे, आणि तुम्ही वरून हंडा हलवताय,” ते म्हणाले. “मुका मार लागला की आतली बारीक रक्तवाहिनी फुटते. रक्त बाहेर यायला वाट नाही, मग ते स्नायूत साठतं. साध्या माणसाचं घटकाभरात थांबतं. काकांचं रक्त गोळीमुळं थांबायला तयार नाही. त्यात चोळलं, शेकलं, की अजून वाहणार. पहिले काही दिवस पाय उंच, गार पट्टी, आणि हात लावायचा नाही. कुणीही नाही. शेक द्यायची वेळ आली की मी सांगेन.”

“पण रक्त एवढं पातळ झालंच कसं?” मी विचारलं.

“तेच शोधायचंय.” त्यांनी एकेक प्रश्न विचारायला घेतला. नवीन औषध? नाही. अंगदुखीची गोळी? नाही. कुणाचा काढा, चूर्ण? नाही. दारूचा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा आप्पांनी अशा नजरेनं पाहिलं की डॉक्टरांनी तो अर्ध्यातच सोडला. “पालेभाज्या फार नाही ना खात? ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं तुम्हाला.”

“अजिबात नाही,” आई ठासून म्हणाली.

“छान. मग एकच उरतं. विसरून दोनदा गोळी. या वयात होतं, काका. त्यात लाज कसली?”

“लाज नाही. मी घेतलेली नाही,” आप्पा म्हणाले.

गोळी बंद ठेवून, औषधं देऊन आकडा खाली आणला. तोही फार खाली नको, कारण तिकडे झडप. चार दिवस आम्ही आकड्याकडे डोळे लावून बसलो. मग डॉक्टरांनी गोळी थोडी कमी करून परत सुरू केली, पोटरीवरच्या सुजेच्या कडेनं पेनानं रेघ मारली आणि घरी सोडलं. “सूज रेघेच्या बाहेर गेली, बोटं बधिर झाली किंवा बोटं वर ओढताना कळ आली, तर तडक इकडं यायचं,” ते म्हणाले.

घरी पाठवलं खरं, पण गोळीचा वाद मिटला नव्हता. माझा भाऊ हेमंत पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, “वृंदा, तू त्यांच्या पाकिटातल्या गोळ्या मोजल्यास का?”

“मोजल्या. बरोबर आहेत.”

“मग दुसरं पाकीट आणलं असेल.”

“ते कशाला दुसरं पाकीट आणतील?”

“विसरणारा माणूस काहीही करतो. तू गोळ्या आईच्या ताब्यात दे.”

हे हेमंत पुण्यात बसून सांगत होता. इथं आप्पांच्या हातातून गोळ्यांचं पाकीट कोण काढून घेणार? मी ऑफिसातून सुटले की माझ्या घरी जायच्या आधी आईकडे जायची. आप्पा खिडकीपाशी आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, आणि डोळ्याला कामाचं भिंग लावून पोटरीवरची रेघ बघत असायचे.

“सूतभर आत आहे,” ते सांगायचे. मला बरं वाटायचं. लगेच मी विचारायची, “गोळी?” आणि ते भिंग काढून खिशात ठेवायचे. त्या दिवसापुरतं आमचं बोलणं संपायचं.

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “अगं, त्यांना विचारून काय उपयोग? परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होते.”

“तो चष्मा होता!” आप्पा ओरडायचे.

“मी कुठं म्हटलं परात होती म्हणून?”

एका संध्याकाळी मी गेले तर आप्पा भिंग न लावता बसले होते. “बोटं बघ,” एवढंच म्हणाले. मी अंगठ्याला चिमटा काढला. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलंच नाही. सूज रेघ ओलांडून दोन बोटं पुढं गेली होती आणि कातडी अशी ताणलेली की वर उजेड चमकत होता.

रिक्षात मी त्यांच्यावर बरसले. “किती वेळा सांगितलं! किती वेळा! पाय कापायची वेळ आणणार आहात का? एवढं कबूल करायला काय जातं? घेतली चुकून, संपलं. पुढं आपण काळजी घेऊ!”

आप्पा बाहेर बघत राहिले. दवाखान्याच्या दारात उतरताना म्हणाले, “न केलेलं कबूल करून आकडा उतरतो का?”

आकडा साडेसहा होता. गोळी कमी केलेली असताना साडेसहा. आता डॉक्टर बागवानांच्याही आवाजात धार आली. त्यांनी मला बाहेर बोलावलं. “हे बघा, पोटरीतल्या स्नायूंना बाहेरून एक घट्ट आवरण असतं. आत रक्त साठत गेलं की दाब वाढतो आणि पायाचं रक्त, नसा, सगळंच आवळतं. सर्जन बघून गेलेत. उद्या सकाळपर्यंत बोटांत जाणीव आली नाही, तर चीर देऊन आवरण उघडावं लागेल. त्याआधीही बिघडलं तर लगेच. पण असं पातळ रक्त घेऊन चीर द्यायची म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंय. आणि रक्त एकदम घट्ट करावं तर झडप. मला दोन्हीकडून बांधून ठेवलंय तुमच्या वडिलांनी.”

“ते म्हणतात, त्यांनी एकच घेतली.”

“सगळेच म्हणतात.”

आईनं त्याच वेळी आप्पांच्या सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. “आजपासून माझ्या हातची,” ती म्हणाली. “पोरासारखं वागायचं, तर पोरासारखं मिळेल.”

आप्पांनी विरोध केला नाही. एक पाय उशांवर असताना कूस बदलता येत नाही. त्यांनी फक्त मान भिंतीकडे वळवली. झडपेची टिकटिक तेवढी ऐकू येत राहिली.

सकाळी मी गेले तेव्हा आकडा चारवर आला होता. अंगठ्याला चिमटा काढला की आप्पांना काहीतरी कळत होतं, पण ते म्हणाले की जाड कापडावरून शिवल्यासारखं. सर्जननी सांगितलं, दुपारपर्यंत थांबू. थांबण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं, आणि मला तेच सहन होत नव्हतं. चूक कुठं आहे ते कळत नसताना आज वाचलेला पाय पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार नाही, हे कुणाच्या भरवशावर म्हणायचं?

आई डबा घेऊन आली. नऊवारी नेसलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू. चेहरा पहिल्यांदाच जरा मोकळा दिसत होता. तिनं डबा उघडला आणि खोलीभर वास सुटला. अळूची भाजी. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, चिंच-गूळ घातलेली.

“घ्या,” ती आप्पांना म्हणाली. “महिनाभर तोंड आंबलं असेल. काल पोळा झाला, श्रावण संपला. आजपासून पालेभाजी मोकळी. आता दही बंद.”

मी वाटी हातात घेतली होती. ती तशीच धरून मी विचारलं, “आजपासून मोकळी म्हणजे?”

“म्हणजे काय? चातुर्मास धरलाय की. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही. तुझी आजी पाळायची. मी मधे सोडलं होतं, यांना रोज भाजी लागते म्हणून. तुला माहितीय ना, मेथी नाही तर चाकवत, चाकवत नाही तर अंबाडी. भाजीशिवाय घास उतरत नाही यांचा. पण यंदा झडप बसवली, तेव्हाच देवाला बोलले होते की नीट चालू दे, सगळं घर पाळेल. आणि डॉक्टरांनी पण सांगितलंच होतं की पालेभाजी जपून. म्हटलं, बरंच झालं. महिनाभर घरात पान आणलं नाही.”

“पानही नाही?”

“कोथिंबीरसुद्धा नाही,” आई अभिमानानं म्हणाली. “चमचा आणते धुऊन,” असं म्हणत ती नळाकडे गेली.

डॉक्टर बागवान तेवढ्यात फेरीला आले. मी त्यांना तिथंच, खाटेपाशी, घाईघाईनं सांगितलं. होळीपासून रोजची भाजी. श्रावणापासून एकदम बंद.

त्यांनी हातातला कागद कपाळावर मारून घेतला.

“गोळी आणि पालेभाजी एकमेकांच्या विरुद्ध ओढतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “भाजी एकदम वाढली तर गोळी कमी पडते, म्हणून आम्ही जपून म्हणतो. एकदम बंद झाली तर तीच गोळी दुप्पट काम करते. रोजच्या भाजीवर बेतलेली गोळी होती यांची. मी विचारलं, फार खात नाही ना? काकू म्हणाल्या, अजिबात नाही. आणि मी छान म्हणालो.” त्यांनी कागद खाली केला. “आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या मंडईत भाजी विकली हो. आणि मी छान म्हणालो.”

“म्हणजे आप्पांनी…”

“एकच घेतली. काका, मला माफ करा.”

आप्पांचा चेहरा मी बघत होते. तीन आठवडे ज्या एका वाक्यासाठी त्यांनी दात आवळून धरले होते, ते डॉक्टरांच्या तोंडून आलं होतं. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील, काहीतरी टोचून बोलतील. बोलायलाच हवं होतं त्यांनी. पण ते अळूच्या वाटीकडे बघत होते. मग दाराकडे. बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला.

आई पदराला चमचा पुसत आत आली. डॉक्टर तिच्याकडे वळले.

“काकू, बरं झालं आलात. कारण सापडलं. तुम्ही जी पाले…”

“डॉक्टर,” आप्पा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण दुकानात कारागिराला थांबवतानाचा होता. डॉक्टर थांबले. “खरं ते सांगून टाकतो आता. मी दोन घेत होतो.”

खोलीत टिकटिक.

“काय?” आई म्हणाली.

“एक जेवण झाल्यावर. मग झोपताना आठवायचं नाही, म्हणून आणखी एक. औषधवाल्याकडून निराळं पाकीट आणलं होतं. चूक झाली.”

“बघा!” आईनं चमचा माझ्याकडे रोखला. “मी म्हणत होते की नाही? आणि पोरीला वर तोंड करून बांगड्या सांगत होते, गुंजा सांगत होते! अहो, पाय जायची वेळ आली होती. जरा तरी…” आणि बोलता बोलता ती स्टुलावर बसून रडायला लागली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच रडत होती.

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटलं मी.

डॉक्टर बागवान हुशार माणूस. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “काका, यापुढं एकच,” ते गंभीरपणे म्हणाले. “आणि काकू, आणखी एक. यापुढं यांना रोज वाटीभर पालेभाजी. कमी नाही, जास्त नाही. बारा महिने.”

आईनं डोळे पुसले. “चातुर्मासात पण?”

“औषध म्हणून. औषधाला तुमच्या देवाची हरकत नसावी.”

“औषधाला नसते,” आई म्हणाली. विचार करून पुढं म्हणाली, “मी माझ्यापुरतं पाळीन.”

पायाला चीर द्यावी लागली नाही. दुपारपर्यंत बोटांत जाणीव आली, दुसऱ्या दिवशी आप्पा अंगठा हलवून दाखवायला लागले. आठवडाभरानं सूज रेघेच्या आत गेली. मग पोटरी जांभळ्याची हिरवी, हिरव्याची पिवळी होत गेली. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कोमट पाण्याचा शेक सुरू झाला. कासारकाका तेलाची बाटली घेऊन एकदा घरी आले होते. आईनं त्यांना चहा दिला, बाटली मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. दिवाळीच्या आधी आप्पा दुकानात मांडी घालून बसले. पोटरीच्या आतल्या बाजूला बोट बुडेल असा एक खड्डा तेवढा राहिला.

याला आता बारा वर्षं झाली. आकडा त्यानंतर कधी बिघडला नाही. गोळ्या आईच्याच ताब्यात आहेत, तिच्या कपाटात, किल्ली कमरेला. हेमंत अजून दर रविवारी फोनवर आप्पांना बजावतो आणि आप्पा “हो, हो” म्हणतात. घरी कुणी पाहुणा आला की आई आप्पांना पाय दाखवायला लावते.

“दोन-दोन गोळ्या घ्यायचे,” ती सांगते. “पाय कापायचाच होता. पण माझा चातुर्मास चालू होता ना तेव्हा. श्रावण कडक पाळला होता, पानाला शिवले नव्हते. म्हणून वाचले.”

पाहुणे आप्पांकडे बघतात. आप्पा पायजमा खाली ओढून म्हणतात, “खरंय.”

मागच्या श्रावणात हे मला असह्य झालं. नात्यातला एक डॉक्टर झालेला मुलगा आला होता. त्यानं आप्पांना वयोमानानुसार होणाऱ्या विसरभोळेपणावर अर्धा तास ऐकवलं. आप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं, वर त्याचे आभार मानले. तो गेल्यावर मी दुकानाच्या खोलीत त्यांच्यामागं गेले.

“आप्पा, किती वर्षं ऐकून घेणार? आईला आता काय होणार आहे? मी सांगून टाकते.”

आप्पा काट्यावर काहीतरी तोलत होते. पारडी स्थिर होईपर्यंत बोलले नाहीत.

“तिनं ते कुणासाठी धरलं होतं?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासाठी.”

“मग घट कुणी सोसायची?”

आतून वाटी ठेवल्याचा आवाज आला. मेथीची भाजी, लसणाच्या फोडणीची. आईच्या ताटात त्या दिवशी भोपळा होता.

“अहो, जेवायला या,” तिनं हाक मारली. “आणि गोळी मी देईपर्यंत घ्यायची नाही. एकच असते, लक्षात आहे ना?”

“आहे,” आप्पा म्हणाले. “एकच.”